नृत्याच्या पोशाखांचे छोटे दुकान: माप, माल आणि माणसे

नृत्याचे कपडे आणि बूट विकण्याचे दुकान काढायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे, मोठे आरसे आणि चकचकीत पाटी येते. माझा सल्ला असा, की सर्वांत आधी एक ठेंगणे स्टूल घ्यावे. त्या स्टुलावर बसून तुम्हाला दिवसातून कितीतरी वेळा दुसऱ्याच्या पायाशी वाकायचे आहे, बोटाने चवड्याची रुंदी चाचपायची आहे, टाचेमागची सुरकुती पाहायची आहे आणि कधीकधी हातातला बूट परत खोक्यात ठेवून “हा तुमच्यासाठी नाही” असे सांगायचे आहे. घरबसल्या मागवता येणारा माल तुमच्यापेक्षा स्वस्त असेल, त्यात रंगही अधिक मिळतील. पण तिथे पाय पाहणारे कोणी नसते. छोट्या दुकानाचे खरे भांडवल म्हणजे ही पारख आणि तिच्यातून जुळणारी ओळख, आणि पुढचे सारे टप्पे मी त्याच क्रमाने मांडले आहेत.

आधी वर्ग पाहा, मग मालाची यादी करा

दुकानासाठी एकही वस्तू मागवण्याआधी परिसरातल्या नृत्यवर्गांची वही तयार करा. प्रत्येक वर्गात कोणता नृत्यप्रकार शिकवतात, विद्यार्थी साधारण किती, त्यांत लहान मुले किती आणि प्रौढ किती, सत्र केव्हा सुरू होते, परीक्षा आणि वार्षिक कार्यक्रम केव्हा असतात, गणवेश ठरलेला आहे की नाही, हे सगळे प्रत्यक्ष भेटून विचारा. केवळ फोनवर भागवू नका. वर्गाच्या दाराशी थांबलेल्या पालकांकडून जे कळते ते संचालकांकडून कळत नाही: टाइट्स आठवड्यात फाटतात, लहान नंबराचे टॅप शूज (तळाला आवाजासाठी पत्रे बसवलेले बूट) कुठेच मिळत नाहीत, मुलग्यांसाठी काही ठेवतच नाहीत.

या वहीवरूनच दुकानाचे स्वरूप ठरते. बॅले शिकणाऱ्या लहान मुलांचे वर्ग जास्त असतील तर मऊ बॅले शूज, लिओटार्ड (धडाला अंगासरशी बसणारा एकसंध कपडा) आणि टाइट्स हा तुमचा रोजचा खप. बॉलरूम आणि लॅटिन शिकणारे प्रौढ जास्त असतील तर चामड्याच्या मऊ, लवदार तळाचे म्हणजे स्वेडचे बूट, ते घासण्याचे तारेचे ब्रश आणि टाचेची टोपणे लागतील. कथक किंवा भरतनाट्यमचे वर्ग असतील तर सुती दोरीत ओवलेले आणि चामडी पट्ट्यावर बसवलेले, असे दोन्ही प्रकारचे घुंगरू लागतील. हे सगळे एकदम ठेवण्याचा मोह टाळावा. दोन नृत्यप्रकारांचा माल पुरेशा नंबरांत ठेवणारे दुकान सहा प्रकारांचे नमुने मांडणाऱ्या दुकानापेक्षा लवकर स्थिरावते, कारण गिऱ्हाइकाला नमुना नको असतो, त्याला त्याचा नंबर हवा असतो.

खरेदी: पडून राहणारा माल आणि ‘नाही’ची वही

या धंद्यात पैसा नफ्याअभावी जितका अडकतो त्याहून जास्त चुकीच्या नंबरांत अडकतो. एकाच बुटाचे दहा नंबर, दोन रुंदी आणि तीन रंग धरले तर साठ वेगळ्या जोड्या होतात, आणि हे एकाच नमुन्याचे झाले. म्हणून प्रत्येक नंबर सारखा मागवू नका. मधल्या नंबरांच्या तीन-तीन जोड्या, त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-दोन आणि टोकाच्या नंबरांची एक-एक, अशी चढउतार ठेवा आणि पहिल्या सत्रानंतर स्वतःच्या विक्रीवरून ती दुरुस्त करा.

पुन्हा मागणी केव्हा नोंदवायची याचे साधे गणित आहे. आठवड्याचा खप गुणिले माल यायला लागणारे आठवडे, अधिक थोडा राखीव साठा. एखादा बूट आठवड्याला 3 जोड्या खपत असेल आणि माल यायला 4 आठवडे लागत असतील, तर त्या काळात 12 जोड्या जाणार. वर 4 राखीव धरा. म्हणजे 16 जोड्या उरल्या की मागणी गेलीच पाहिजे, शेवटची जोडी संपण्याची वाट पाहायची नाही. वर्षाअखेरी आणखी एक आकडा काढा. वर्षात 600 जोड्या विकल्या आणि दुकानात सरासरी 200 जोड्या होत्या, तर साठा 3 वेळा फिरला. हा हिशेब प्रत्येक प्रकारासाठी वेगळा करा, म्हणजे कोणते खण नुसतेच भाडे खात आहेत ते दिसते.

मी स्वतः पहिल्या वर्षी रंगमंचावर शोभतील असे झालरीचे पोशाख हौसेने भरले होते. ते सुंदर होते, येणारा प्रत्येक जण हात लावून पाहत असे आणि साध्या टाइट्स विचारत असे. टाइट्स मात्र संपलेल्या असत. त्यानंतर मी गल्ल्याजवळ एक वेगळी वही ठेवली. ज्या वस्तूला दिवसभरात ‘नाही’ म्हणावे लागले ती वस्तू, नंबर आणि रंग त्या वहीत त्याच क्षणी लिहायचा. विकलेल्या मालाची नोंद बिलात आपोआप होते, पण न विकता आलेल्याची नोंद कुठेच होत नाही, आणि पुढची खरेदी नेमकी तिच्यावरच ठरायला हवी. महिन्याअखेरी त्या वहीत एकच नंबर चार वेळा दिसला की तो मागवायचा.

ठरावीक किमान संख्येखाली माल न देणाऱ्या पुरवठादारांकडून सुरुवातीला दूरच राहा. खास मागवलेल्या वस्तूसाठी आगाऊ रक्कम घ्यावी, आणि ती का घेतो आणि परत मिळणार की नाही, हे त्याच वेळी लिहून द्यावे.

माप घेण्याची जागा

दुकानाच्या गर्दीच्या भागात माप घेऊ नका. एका कोपऱ्यात स्वच्छ गालिचा किंवा सतरंजी अंथरा, भिंतीला कमरेच्या उंचीचा बार बसवा आणि पायांपासून डोक्यापर्यंत दिसेल असा आरसा लावा. गालिचा शोभेसाठी नसतो: नव्या बुटाचा तळ एकदा मळला की तो बूट दुसऱ्याला विकता येत नाही. पण लादी आणि गालिचा यांच्यावर पाय वेगळा उभा राहतो, म्हणून बाजूला गुळगुळीत लाकडी फळीचा एक स्वच्छ तुकडाही ठेवावा. मापपट्टी, पाय मोजण्याची पाटी, वेगवेगळ्या जाडीची पंजाची आवरणे, तळव्याला भोक असलेल्या दोन-चार स्वच्छ टाइट्स आणि नखे कापण्याचे साधन हाताशी असू द्या. तळव्याला भोक असलेली टाइट्स फार उपयोगाची, कारण ती मागे सारून बोटे उघडी पाहता येतात आणि पुन्हा ओढून बूट चढवता येतो.

पाय दिवसभरात थोडे सुजतात, त्यामुळे शक्य तर वर्गाच्या वेळेच्या आसपासच माप घ्यावे. संध्याकाळी नाचणाऱ्याचे माप सकाळी घेतले तर बूट पुढे आवळतो. दोन्ही पाय मोजा. ते क्वचितच सारखे असतात, आणि माप नेहमी मोठ्या पायाचे धरायचे.

नंबरांचा गोंधळ गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगा. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण 6.67 मिलिमीटर; ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीत तो एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण 8.47 मिलिमीटर. त्यातही अनेक नृत्यबुटांचे नंबर रोजच्या चपलाबुटांच्या नंबरांशी जुळत नाहीत. म्हणून “नंबर काय?” असे विचारण्याऐवजी “बसा, पाहू या” असे म्हणावे.

मऊ बूट, टॅप आणि बॉलरूम

मऊ बॅले शू हातमोज्यासारखा बसायला हवा: बोटे सरळ, पुढे जागा उरलेली नाही, पण बोटे दुमडलेलीही नाहीत. पालकांची हमखास मागणी असते की एक नंबर मोठा द्या, म्हणजे वर्षभर चालेल. ही मागणी चुकीच्या हेतूने केलेली नसते. मुलांचे पाय भराभर वाढतात आणि दर काही महिन्यांनी खर्च कोणालाच नको असतो. तरीही मोठा बूट देऊ नका. सैल बुटाचे कापड बोटांपुढे गोळा होते, मूल त्यावर अडखळते, आणि बूट निसटू नये म्हणून बोटांनी तो पकडून ठेवण्याची सवय लागते. ती सवय पुढे शिक्षकांना वर्षभर मोडावी लागते. हे पालकांना शब्दांत पटत नसेल तर दोन्ही बूट एकेका पायात घालून मुलाला चवड्यांवर उभे करा. मोठ्या बुटात टाच निघते ती त्यांना स्वतःच दिसते.

कातडी बूट वापराने सैलावतो, कॅनव्हास त्या मानाने कमी सैलावतो आणि धुता येतो. अखंड तळाचा बूट पायाला थोडा प्रतिकार देतो, म्हणून अनेक शिक्षक नवशिक्यांना तोच सांगतात. दोन भागांचा तळ पायाची कमान अधिक दाखवतो. पुढची नाडी ओढून बूट लहान करता येत नाही, तिने फक्त कड अंगासरशी बसते. गाठ मारून टोके आत खोचायची.

टॅप शूजमध्ये टाच हलता कामा नये आणि पत्र्याचे स्क्रू घट्ट असायला हवेत, नाहीतर आवाज फुटतो आणि फरशीवर ओरखडे पडतात. लहान पेचकस गल्ल्यातच ठेवा आणि जुन्या बुटांचे स्क्रूही न मागता आवळून द्या. बॉलरूमच्या बुटांचा लवदार तळ घसरणे आणि धरणे यांचा तोल साधतो. तो बूट घालून रस्त्यावर किंवा ओल्या जागी जाऊ नये आणि तळ गुळगुळीत झाला की ब्रशने घासावा, एवढे प्रत्येक विक्रीच्या वेळी सांगावे.

पॉइंट शू: घाई न करण्याची जागा

पॉइंट शू म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्यासाठीचा बॅलेचा बूट. तुमच्या दुकानातली सर्वांत जबाबदारीची वस्तू ही आहे. 1832 मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर मारी तालिओनी ही बॅले नर्तकी बोटांच्या टोकांवर नाचली तेव्हा तिच्या पायात बाजूंना आणि टोकाला टाके घालून मजबूत केलेले मऊ सॅटिनचे बूट होते. आजच्या पॉइंट शूचा कडक पुढचा भाग, ज्याला बॉक्स म्हणतात, तो कापड, कागद आणि खळीसारख्या गोंदाच्या थरांतून घडवण्याची पद्धत नंतर रुळली. तळाच्या आतली कडक पट्टी म्हणजे शँक. ती कधी कातड्याची, कधी पुठ्ठ्याची, कधी प्लास्टिकची असते. नर्तकाचे सारे वजन या दोन भागांच्या आधाराने उभे राहते, आणि ते चुकीचे निवडले तर दुखापत होते.

पहिली पायरी प्रश्नाची: शिक्षकांनी परवानगी दिली आहे का? वय साधारण 12 च्या आसपास असावे असे मानतात, पण वय पुरेसे नाही. पावलाची, घोट्याची आणि धडाची ताकद आणि आधीचे नियमित शिक्षण शिक्षकच पारखू शकतात. परवानगी नसेल तर पॉइंट शू विकू नका. ते गिऱ्हाईक रागावून गेले तरी त्याच्या शिक्षकांपर्यंत ही गोष्ट पोचते, आणि पुढच्या वर्षी तेच शिक्षक पूर्ण वर्ग तुमच्याकडे पाठवतात.

दुसरी पायरी उघडा पाय पाहण्याची. अंगठा सर्वांत लांब आहे, की शेजारचे बोट लांब आहे, की पहिली तीन बोटे जवळपास सारखी आहेत? निमुळत्या पायाला निमुळता बॉक्स लागतो, सारख्या बोटांच्या पायाला चौकोनी. चवडा दोन्ही बाजूंनी हळूच दाबून पाहा. काही पाय चेपले जाऊन बरेच अरुंद होतात, आणि तशा पायाला उभे असतानाच्या रुंदीचा बूट दिला तर टोकावर चढल्यावर पाय आत घसरतो आणि सारा भार अंगठ्यावर येतो. बोटे लांब असतील तर बुटाचा पुढचा उंच भाग, म्हणजे व्हँप, बोटांची मुळे झाकेल इतका लांब हवा.

तिसरी पायरी, जमिनीवर सपाट उभे राहणे आणि नंतर पाय फाकवून गुडघे वाकवणे. या अवस्थेत पाय सर्वांत लांब असतो. बोटांना बुटाचे टोक स्पर्श करावे, पण ती दुमडू नयेत. चौथी पायरी, बारला धरून एक पाय टोकावर घेणे. आता टाचेमागे कापडाची साधारण अर्धा सेंटिमीटर चिमूट हाती यावी. चिमूट आलीच नाही तर बूट लांबीला कमी आहे. खूप आली तर जास्त. बुटाच्या बाजूने बोट सहज आत गेले तर रुंदी जास्त आहे. शँक पावलाच्या तळाला चिकटलेली दिसावी. ती एका बाजूला वळत असेल तर आकार चुकला. जाड आवरणे भरून चुकीचा बूट बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

एकदा सातवा-आठवा जोड घालून पाहत असलेली एक मुलगी प्रत्येक वेळी “बरोबर बसतोय, काकू” एवढेच म्हणत होती. आई बाजूला थकून बसली होती. मी बॉक्सवरून अंगठ्याने दाबत गेले तेव्हा दुसऱ्या बोटाचे पेर वर उचललेले लागले. तिने बोटे दुमडून घेतली होती. मी आईला पाणी आणायला सांगितले आणि मुलीला हळूच म्हटले, “बूट बसला नाही तर तू तयार नाहीस असा अर्थ होत नाही गं, बूट तयार नाही एवढाच होतो.” मग तिने सांगितले की मोठा नंबर मागितला तर बाईंना आपले पाय बेढब वाटतील अशी तिला भीती होती. त्या दिवशी आमच्याकडे तिचा बूट नव्हताच. तो मागवावा लागला. तेव्हापासून माप घेताना मी आधीच सांगते की आज जोड मिळेलच असे नाही, आणि प्रश्न थेट नर्तकाला विचारते, पालकांना नाही. “दुखतंय का?” या प्रश्नाला मुले बहुधा “नाही” म्हणतात. “कुठे जास्त दाब लागतोय, बोटाने दाखव” असे म्हटले की दाखवतात.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत विसरली जाणारी आहे. शिक्षकांनी पाहून होकार देईपर्यंत रिबन आणि इलॅस्टिक शिवू नये आणि बूट घालून चालू नये, असे एका चिठ्ठीवर छापून प्रत्येक खोक्यात ठेवा. टाके पडले की बूट बदलून देता येत नाही. रिबनची टोके ज्योतीजवळ धरून वितळवायची, टाके अस्तरातच घ्यायचे, नाडीतून सुई जाऊ द्यायची नाही, हे एका जुन्या बुटावर करून दाखवा. घामाने गोंद मऊ पडतो, म्हणून वर्गानंतर बूट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. जाळीच्या पिशवीत वाळू द्यावेत, आणि शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. व्यावसायिक नर्तकांचा एक जोड कधीकधी एकाच प्रयोगात संपतो, हे सांगितले की विद्यार्थ्यांच्या पालकांनाही बूट लवकर मऊ का पडला याचा उलगडा होतो.

लिओटार्ड, टाइट्स आणि त्वचेचा रंग

लिओटार्ड हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूवरून आले. झोक्यावरच्या कसरतीसाठी त्याला अंगासरशी बसणारा कपडा हवा होता, आणि आजही कसोटी तीच आहे. छाती, कंबर आणि नितंब यांच्या मापाइतकेच महत्त्वाचे माप आहे उभ्या घेराचे: मापपट्टी एका खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. हे माप कमी पडले तर कंबर बरोबर असूनही खांद्यावर वळ उठतात. हे माप घेताना मापपट्टीचा खालचा भाग मुलाच्या पालकांच्या हाती द्या, किंवा गिऱ्हाइकाला स्वतः धरायला सांगा. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही.

ताणले जाणारे कापड बहुधा नायलॉन किंवा कापूस आणि त्यात स्पँडेक्सचे धागे असे असते. ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये तयार केलेला हा धागा उष्णतेने आणि क्लोरीनयुक्त ब्लीचने खराब होतो, म्हणून थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि इस्त्री करू नका, असे लेबलवर असले तरी तोंडानेही सांगा. आतल्या वस्त्राचे स्वच्छता-स्टिकर काढले की माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी मात्र ट्रायल रूमच्या आत लावा, बाहेर नाही.

रंगाबद्दल सविस्तर सांगणे गरजेचे आहे. पाय आणि बूट यांची रेषा अखंड दिसावी म्हणून टाइट्स आणि बूट त्वचेच्या रंगाचे असावेत हा जुना संकेत. पण वर्षानुवर्षे ‘त्वचेचा रंग’ म्हणून फिकट गुलाबीच विकला गेला आणि सावळ्या-काळ्या नर्तकांना मेकअप फासून बूट रंगवावे लागले. न्यूयॉर्कमधल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले संचाने 1970 च्या दशकात आपल्या नर्तकांच्या टाइट्स आणि बूट त्यांच्या त्वचेशी जुळवायला सुरुवात केली, तर लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीने बॅले ब्लॅक या संचाच्या सहकार्याने 2018 मध्ये तपकिरी छटांचे तयार पॉइंट शूज आणले. तुमच्या दुकानात निदान टाइट्सच्या तरी चार-पाच छटा असाव्यात आणि त्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहता येतील असे कापडाचे तुकडे असावेत. एखादी छटा वर्षात दोनदाच विकली गेली तरी ती काढू नका. ज्याला ती मिळाली तो ते विसरत नाही.

आरशासमोर काय बोलावे

नृत्याच्या कपड्यांत माणूस फार उघडा पडतो. म्हणून दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकासाठी एक नियम कडक ठेवा: शरीराबद्दल बोलायचे नाही, कपड्याबद्दल बोलायचे. “तुला मोठा साइज लागेल” असे न म्हणता “या कंपनीची कापणी आखूड असते, पुढचा घालून पाहू” असे म्हणावे. बारीक असण्याचे कौतुकही करू नये. शेजारच्या खोलीतल्या मुलीने ते ऐकलेले असते. पालक मुलासमोर वजनाबद्दल बोलू लागले तर विषय हळूच कापडाकडे वळवावा. मोठे आकार मागच्या कपाटात ठेवू नयेत, सगळ्यांच्या ओळीतच टांगावेत.

मुलग्यांसाठी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा वर्गाला जाणाऱ्यांसाठी आणि व्हीलचेअरवर नाचणाऱ्यांसाठी दुकानात जागा आहे हे त्यांना दारातूनच दिसले पाहिजे. त्यासाठी मुलग्यांचा माल पुढे मांडा, एका ट्रायल रूमचे दार रुंद करा आणि आत बसायला पाठीची खुर्ची ठेवा.

शिक्षकांशी नाते

सत्र सुरू होण्यापूर्वी महिनाभर प्रत्येक वर्गाची गणवेशाची यादी लेखी मागा आणि तिच्यात नेमका नमुना, रंग आणि गळ्याची पद्धत लिहून घ्या. ‘काळा लिओटार्ड’ एवढ्यावर माल भरला की निम्मा परत येतो. यादी बदलणार असेल तर आधी कळवावे, असे आपुलकीने पण स्पष्टपणे सांगा, आणि जुन्या गणवेशाचे किती नग उरले आहेत तो आकडाही त्यांना दाखवा. बहुतेक शिक्षक मग बदल पुढच्या वर्षावर ढकलतात.

शिक्षकांना मोबदला देऊन विद्यार्थी पाठवायला सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. पालकांना ते कधी ना कधी कळतेच, आणि मग शिक्षकांचा सल्ला आणि तुमचे माप या दोन्हींवरचा विश्वास एकदम जातो. सवलत द्यायची तर ती सगळ्यांना दिसेल अशी, त्या वर्गाच्या नावे, विद्यार्थ्यांनाच द्या. शिक्षकांना द्यायची गोष्ट वेगळी आहे. पॉइंट शूचे माप घेतले की कोणता नमुना, कोणती रुंदी आणि शँक दिली, शंका कुठे वाटली, हे चार ओळींत लिहून त्यांच्याकडे पाठवा. नवा नमुना आला की त्यांना बोलवा, त्यांचे मत विचारा, आणि त्यांना तो नापसंत झाला तर तो माल घेऊ नका. साल्व्हातोरे कापेझिओ यांनी 1887 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑपेरागृहाच्या जवळ नाटकाचे बूट दुरुस्त करण्याचे छोटे दुकान काढले होते. पॅरिसमध्ये 1947 च्या सुमारास रोज रेपेतो यांनी आपल्या नर्तक मुलाचे दुखरे पाय पाहून बूट शिवायला घेतले. आज मोठ्या झालेल्या या नावांची सुरुवात नाचणाऱ्याची तक्रार ऐकून घेण्यातच झाली.

गिऱ्हाइकाची नोंद आणि पुन्हा भेट

प्रत्येक माप एका कार्डावर लिहा: तारीख, दोन्ही पायांची लांबी-रुंदी, दिलेला नमुना आणि नंबर, नाकारलेले नमुने आणि त्यांचे कारण. नाकारण्याचे कारण सर्वांत मोलाचे, कारण पुढच्या वेळी त्याच चुकीच्या बुटांतून पुन्हा जावे लागत नाही. संपर्क क्रमांक विचारताना तो कशासाठी हवा ते सांगा आणि संमती घेतल्यावरच संदेश पाठवा. लहान मुलांच्या पालकांना साधारण चार महिन्यांनी एकच ओळ जाऊ द्या: पायाचे माप तपासायला या, बूट बदलायची गरज नसेल तर तसेच सांगू. आणि खरोखर गरज नसेल तर तसेच सांगा. त्या भेटीत काही विकले जात नाही, पण तीच भेट घरी जाऊन सांगितली जाते.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत, आणि अंगासरशी कपड्यातली तर संमती असली तरी नकोत. समाजमाध्यमांवर दाखवण्यासारखे दुकानात पुष्कळ असते: रिबन कशी शिवायची, अंबाड्याची जाळी कशी बसवायची, नवा आणि संपलेला शँक हातात वाकवल्यावर कसा दिसतो. असे एक मिनिटाचे चित्रण सवलतीच्या दहा जाहिरातींपेक्षा जास्त माणसे दुकानात आणते.

लहान झालेल्या पण चांगल्या बुटांसाठी एक फळी मोकळी ठेवा. पालकांनी धुऊन आणलेले मऊ बूट आणि टॅप शूज तिथे ठेवावेत, ज्याला हवे त्याने न्यावेत. पॉइंट शूज मात्र त्या फळीवर ठेवू नयेत, कारण ते पहिल्या पायाच्या आकारात बसलेले असतात. नव्या मालाची विक्री यामुळे थोडी घटेल हे खरे, पण ज्या घरात दोन-तीन मुले शिकतात ती घरे टिकून राहतात.

बदलून देण्याचे नियम थोडक्यात: न वापरलेला माल ठरलेल्या मुदतीत बदलून द्यावा, मळलेला तळ आणि शिवलेली रिबन चालणार नाही, आणि चूक तुमच्या मापाची असेल तर हे सगळे नियम बाजूला ठेवून बूट परत घ्यावा.

कार्यक्रमाचा आठवडा

वार्षिक कार्यक्रमांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा. त्या आठवड्यात टाइट्स, केसांच्या पिना, जाळ्या, पारदर्शक पट्ट्या आणि इलॅस्टिक दुपटीने ठेवा, खास मागवलेला माल निदान दहा दिवस आधी हाती आलेला असू द्या, आणि ज्यांचा माल आला नाही त्यांना त्यांनी विचारण्याआधी स्वतः फोन करा. एक पेटी तयार करून रंगमंचामागे नेऊन द्या: दोन-तीन नंबरांच्या टाइट्स, सुईदोरा, सेफ्टी पिना, पेचकस, नाड्या, चिकटपट्टी. पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवा, म्हणजे जे घेतले ते तिथेच लिहिले जाईल आणि हिशेब नंतर होईल. त्या दिवशी दुकान नेहमीपेक्षा दोन तास लवकर उघडा, आणि पडदा वर जाईपर्यंत फोन हाताशी ठेवा.